बावीस नॅनोचे नाना

नानांना गिटार वाजवता येत नाही. हे त्यांच्या तोंडावर म्हटलं तरी ते रागवत नाहीत. "लिओ फेंडरला तरी कुठं येत होती?" असं म्हणून उलट खुर्ची पुढे ओढतात, आणि मग तुमची संध्याकाळ गेलीच म्हणून समजा. कॅलिफोर्नियातल्या फुलर्टन गावचा हा लिओ फेंडर मुळात हिशेबनीस. नोकरी सुटली तेव्हा कर्ज काढून १९३८ साली त्यानं रेडिओदुरुस्तीचं दुकान थाटलं, तिथून तो गिटारच्या ॲम्प्लिफायरकडे वळला आणि पुढे जगभरच्या गिटारी त्याच्या नावानं वाजू लागल्या. त्याला स्वतःला गिटार वाजवणं कधी जमलं नाही. नानाही हिशेबनीस, एका राष्ट्रीयीकृत बँकेतून निवृत्त झालेले. गिटार न येणंही त्यांना उत्तम जमलेलं आहे. म्हणजे लिओ फेंडर व्हायच्या दोन अटी नानांनी आधीच पुऱ्या केल्यात. आता फक्त ॲम्प्लिफायर तेवढा व्हायचा राहिलाय.

तसा तो बरीच वर्षं होतोच आहे.

नानांनी ठरवलेला ॲम्प्लिफायर अगदी गरीब घरचा. फेंडरचा 'चॅम्प', १९५० च्या दशकात नवशिक्या पोरांसाठी काढलेला. तीन व्हॉल्व्ह, दोन ट्रान्सफॉर्मर, आठ इंची स्पीकर आणि फिरवायला एकच बटण. ते फिरवलं की चालू होतो आणि फिरवत राहिलं की मोठा होतो. ताकद सुमारे पाच वॅट. आपल्याकडचा जुना झिरोचा दिवासुद्धा त्याहून जास्त वीज खायचा. आत डझनभर रेझिस्टर आणि अर्धा डझन कपॅसिटर. हात बसलेला मेकॅनिक सकाळी कामाला लागला तर दुपारच्या चहाला मोकळा होईल. नानाही सकाळी बसतात आणि दुपारच्या चहाला उठतात. मधल्या वेळात सोल्डरिंग आयर्नची पिन मात्र प्लगमध्ये गेलेली नसते.

आता व्हॉल्व्हच कशाला, चार ट्रान्झिस्टर किंवा एक आयसी लावून भागणार नाही का, असं विचारणाऱ्याकडे नाना दयेनं पाहतात. व्हॉल्व्हचा ॲम्प्लिफायर जोरात लावला की आवाज फाटतो, पण फाटताना तो कर्कश न होता भरदार होत जातो. १९६० च्या दशकातल्या गिटारवाल्यांनी त्या फाटण्यावरच आपले संसार उभे केले. नील यंगनं १९५९ सालचा फेंडर डीलक्स जन्मभर सोडला नाही. नानांनी हा आवाज पहिल्यांदा ऐकला तो बदलीच्या एका आडगावी, सहकाऱ्याच्या टू-इन-वनवर, कुणाच्या तरी कॅसेटच्या तिसऱ्या कॉपीवरून. त्या भरात कोलकात्याची एक गिव्हसन गिटारही त्यांनी घेतली. ती कपाटावर आहे. तिच्यावरची धूळ वहिनी दसऱ्याला पुसतात.

नानांचा आजवरचा प्रवास माहीत असेल तर या दिरंगाईचं नवल वाटत नाही. कॉमर्सला गेले ते थोरल्या भावाची पुस्तकं घरात होती म्हणून. बँकेत लागले ते तिथलं पत्र आधी आलं म्हणून. बदल्या हेड ऑफिसनं केल्या. स्कूटरला नंबर लावला होता. नंबर लागला त्या दिवशी जो रंग शोरूममध्ये होता तो घरी आला. सोसायटीत फ्लॅट चिठ्ठ्या टाकून मिळाला, तोही पश्चिमेचा. वहिनींना मामांनी पाहिलं. नाना नंतर जाऊन पोहे खाऊन आले. अशा माणसापुढे साठीनंतर पहिल्यांदाच एक नकाशा आला आणि त्यातल्या प्रत्येक चौकटीवर 'इथं काय लावायचं ते तुम्ही ठरवा' असं म्हटलेलं होतं. तो घाई कशाला करेल?

"मला पाहायला आले तेव्हा पोह्यांची बशी रिकामी व्हायच्या आत हो म्हणाले होते," असं वहिनी सांगतात. तक्रार म्हणून सांगतात की अभिमानानं, हे मला अजून उमगलेलं नाही.

नानांचा सगळ्यात मोठा मुक्काम कपॅसिटरवर पडला. चॅम्पमध्ये गिटारच्या आवाजाच्या थेट वाटेत उभे राहणारे कपॅसिटर दोनच. त्यांचं काम एवढंच, की आधीच्या व्हॉल्व्हवरचा शे-दीडशे व्होल्टचा डीसी अडवायचा आणि त्याच्यावर स्वार होऊन आलेला गिटारचा आवाज तेवढा पुढे सोडायचा. कपॅसिटर गळका निघाला तर डीसी पुढच्या पॉवर व्हॉल्व्हच्या ग्रिडवर चढतो आणि तो व्हॉल्व्ह तापून लालबुंद होऊन मरतो. कपॅसिटर न गळणारा हवा, याबद्दल दुमत नाही. मूळ नकाशात ०.०२ मायक्रोफॅरड, हल्ली त्याच्या जागी २२ नॅनो मिळतो. प्रश्न होता, कुठला २२ नॅनो?

मिठाईच्या एका रिकाम्या डब्यात नानांनी कापसावर उमेदवार मांडून ठेवलेत. नारिंगी 'ऑरेंज ड्रॉप', पिवळे मॅलरी, जुन्या मार्शलमध्ये सापडणारे मोहरीच्या रंगाचे मस्टर्ड, आणि रशियन फौजेसाठी बनलेले कागद-तेलाचे, जाडजूड, लोखंडी अंगाचे. प्रत्येकाची ओळख ते मध्यस्थानं स्थळाची माहिती द्यावी तशी खालच्या आवाजात करून देतात. नारिंगी जरा कडक. पिवळे मोकळे, पण खोली नाही. रशियन गडद, पण मनमिळाऊ. फक्त ॲम्प्लिफायरच्या पेटीत मावायचे नाहीत. त्याच टेबलाच्या दुसऱ्या टोकाला वहिनींची मेथीची जुडी निवडून होते, भाजी होते, जेवणं होतात, ओटा पुसून होतो. नानांच्या कपॅसिटरचं काही ठरत नाही.

एकदा मी त्यांच्याबरोबर बुधवार पेठेत तपकीर गल्लीत गेलो होतो. पुण्यात इलेक्ट्रॉनिक्सचं काहीही हवं असलं की पाय तिकडेच वळतात. काउंटरवरचा मुलगा एकाच वेळी तिघांना एलईडीच्या पट्ट्या मोजून देत होता.

"बावीस नॅनो आहे का?" नानांनी विचारलं.

"टू-टू-थ्री. किती व्होल्ट?"

"सहाशे तीस."

"दहाला दोन." त्यानं ड्रॉवरमधून दोन चपटे कपॅसिटर काढून काचेवर टाकले. दोन्हींवर २२३ असं छापलेलं. बावीसपुढे तीन शून्यं, इतके पिकोफॅरड. म्हणजेच नानांचे बावीस नॅनो.

नानांनी चष्मा वर करून एक डोळ्याजवळ नेला. "आवाजाला कसा आहे?"

मुलगा पट्टी मोजायचा थांबला. "आवाज करत नाही काका. केला तर परत आणा."

नानांनी ते दोन्ही घेतले, पण डब्यातल्या कापसावर त्यांना जागा मिळाली नाही. ते शर्टाच्या खिशात राहिले आणि तिथून धुण्यात गेले.

रेझिस्टरचं प्रकरण त्या मानानं हिशेबी होतं. जुन्या फेंडरमध्ये कार्बन कंपोझिशनचे रेझिस्टर असत. भुकटी दाबून बनवलेले हे रेझिस्टर हवेतली ओल पितात आणि त्यांची किंमत बदलते. शिवाय जास्त व्होल्टेजवर हलकेच खसखसतात. आजचे मेटल फिल्मचे शांत आणि शब्दाला जागणारे. पण नाना म्हणतात, शब्दाला जागणारी माणसं मी बँकेत पुष्कळ पाहिली, त्यांच्याशी गप्पा होत नाहीत. म्हणून त्यांनी काही कार्बन कंपोझिशन मिळवले आणि मल्टिमीटर लावून मे महिन्यात मोजले, मग ऑगस्टमध्ये मोजले. आकडे एका जुन्या लेजरबुकात तांबड्या शाईनं लिहिले. एक लाख ओहमचा एक रेझिस्टर पावसाळ्यात एक लाख आठ हजारांवर गेला तेव्हा त्यांनी मला मुद्दाम फोन केला. "आठ टक्के! इतकं व्याज तर एफडीला मिळत नाही हो!"

व्हॉल्व्हच्या शोधात त्यांनी बुधवार-रविवारचा जुना बाजार पालथा घातला. एके काळी घरोघरी व्हॉल्व्हचे रेडिओ होते, ठाण्याला मर्फीचा कारखाना होता, बंगळुरूला भारत इलेक्ट्रॉनिक्स व्हॉल्व्ह बनवत असे. त्या संसारांची भांडी अजून कुठं कुठं फुटपाथवर येतात. तिथं नाना उकिडवे बसतात, खिशातली पेन्सिल काढून व्हॉल्व्हला टिचकी मारतात. पण रेडिओच्या सांगाड्यात त्यांना हवा तो चॅम्पचा सिक्स-व्ही-सिक्स क्वचित सापडतो; मिळतो तो विलायती घराण्यातला ईएल-८४. तोच व्हॉल्व्ह इंग्लंडच्या व्हॉक्सनं आपल्या ॲम्प्लिफायरमध्ये घातला आणि बीटल्सनी तो वाजवला. त्यामुळे अमेरिकन चॅम्प सोडून विलायती वाटेला जावं का, या विचारात नानांचा एक अख्खा हिवाळा गेला. २०२२ मध्ये युक्रेनचं युद्ध पेटलं आणि रशियात बनणाऱ्या व्हॉल्व्हची निर्यात अडली, तेव्हा जग गव्हाची आणि तेलाची काळजी करत होतं. नाना रोज रात्री बातम्या लावून सारातोवचं नाव येतंय का ते पाहत. तिथं व्हॉल्व्हचा कारखाना आहे.

गंमत अशी, की ज्या आवाजासाठी हा सगळा आटापिटा, तो आवाज असं वेचून-पारखून कुणी केलेलाच नव्हता. लिओ फेंडर हा काटकसरी माणूस. स्वस्त, टिकाऊ आणि सहज मिळणारा भाग त्याला पसंत. लंडनच्या हॅनवेलमध्ये जिम मार्शलचं ड्रमचं दुकान होतं. गिऱ्हाइकांना फेंडर हवे असत, पण ते अमेरिकेहून आणायला महाग पडत. मग १९६२ साली मार्शलच्या माणसांनी फेंडरच्या 'बेसमन' ॲम्प्लिफायरचा नकाशा समोर ठेवला आणि इंग्लंडात जे सुटे भाग मिळत ते त्यात बसवले. ट्रान्सफॉर्मर वेगळा, स्पीकर वेगळा, पुढे व्हॉल्व्हही वेगळे, त्यामुळे आवाज वेगळा झाला आणि त्याचाच 'मार्शलचा आवाज' म्हणून डंका वाजला. म्हणजे ते दोघं जे हाताला लागेल ते लावून मोकळे झाले, आणि त्यांच्या हाताला जे लागलं तेच शोधायला नाना जगभर पत्रव्यवहार करतात.

हे मी एकदा त्यांना बोलून दाखवलं. ते थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "हाताला लागेल ते घेऊन मी चाळीस वर्षं काढली. आता मला ठरवू द्या ना जरा."

त्यावर कोण काय बोलणार?

ट्रान्सफॉर्मर मात्र जगभरातून मागवता येईना. मूळ अमेरिकन ट्रान्सफॉर्मर तिथल्या ११०-१२० व्होल्टचा आणि ६० हर्ट्‌झचा. आपल्याकडे २३० आणि ५०. हर्ट्‌झ कमी म्हणजे त्याच कामाला लोखंड जास्त. शिवाय एवढं वजन टपालानं आणायचं तर नानांच्या पेन्शनीला ते पेलणार नव्हतं. शेवटी पेठेतल्या एका बोळात स्टॅबिलायझर आणि इन्व्हर्टरचे ट्रान्सफॉर्मर गुंडाळून देणारे एक मिस्त्री सापडले. वय नानांच्याच आसपास, बोटांच्या पेरांना व्हार्निश कायमचं मुरलेलं.

नाना त्यांना चॅम्पचा आवाज कसा असतो ते सांगू लागले. मिस्त्रींनी वायरचा रीळ खाली ठेवला. "साहेब, आवाजाचं राहू द्या. व्होल्ट सांगा, अँपियर सांगा."

नाना मुकाट्यानं वहीतलं वाचू लागले. तीनशे पंचवीस-शून्य-तीनशे पंचवीस. हीटरला सहा पॉइंट तीन व्होल्ट, रेक्टिफायरला पाच व्होल्ट दोन अँपियर. मिस्त्रींनी सिगारेटच्या पाकिटाच्या पाठीवर टिपून घेतलं. मग आउटपुट ट्रान्सफॉर्मरची पाळी आली. एकच पॉवर व्हॉल्व्ह म्हटल्यावर मिस्त्री थबकले. "सिंगल? म्हणजे रेडिओसारखा? मग मध्ये कागद घालायचा ना?"

नानांचे डोळे भरून यायचेच बाकी होते. एका व्हॉल्व्हच्या ॲम्प्लिफायरमध्ये आउटपुट ट्रान्सफॉर्मरच्या गुंडाळीतून डीसी सतत वाहत असतो. त्यानं लोखंड चुंबकत्वानं भरून जाऊ नये म्हणून 'ई' आकाराच्या पट्ट्या सगळ्या एकीकडे, 'आय'च्या सगळ्या दुसरीकडे आणि दोहोंच्या मध्ये बारीकशी फट ठेवतात. इन्व्हर्टरवाल्यांना हे ठाऊक असायचं कारण नाही. मिस्त्रींनी लहानपणी वडिलांच्या हाताखाली रेडिओचे ट्रान्सफॉर्मर गुंडाळले होते.

"कागद कुठला घालता?" नानांनी श्वास रोखून विचारलं.

मिस्त्रींनी आजूबाजूला नजर टाकली. फळीवर, गणपतीच्या फोटोमागे, एक लग्नपत्रिका खोचलेली होती. ती काढून त्यांनी कात्रीनं पट्टी कापली, बोटांत चोळून जाडी पाहिली. "हा बरा आहे."

नाना त्या दिवशी घरी परतताना फार अस्वस्थ होते. लग्नपत्रिका कुठल्या फेंडरमध्ये असते?

असाच काळ गेला असता. पण नानांच्या पुतणीच्या कॉलेजचं गॅदरिंग दोन दिवसांवर आलं आणि तिचा छोटा ॲम्प्लिफायर धूर सोडून शांत झाला. ती गिटार पाठीला लावूनच दारात उभी राहिली.

"नानाकाका, तुमचा झालाय का?"

"झाल्यातच जमा आहे. फक्त कपॅसिटरचं..."

"परवा संध्याकाळी सात वाजता आहे, काका."

वहिनींनी टेबल रिकामं करून दिलं. त्या रात्री नानांना निवडायला वेळच नव्हता. रशियन कपॅसिटर मापात बसेनात. मस्टर्ड दोन होते, पैकी एक गळका निघाला. मग वहिनींनी धुण्यातून वाचवून खिडकीत ठेवलेले ते दहाला दोनवाले टू-टू-थ्री कामाला आले. रेझिस्टर गल्लीतलेच, साधे कार्बन फिल्मचे, कारण लेजरमधले सगळे पावसाळ्यात फुगलेले. व्हॉल्व्ह जे होते ते, स्पीकर एका भंगारातल्या रेडिओग्रामचा, आठ इंची. हीटरच्या वायरींना मात्र नानांनी वेणीसारखा घट्ट पीळ दिला, कारण ५० हर्ट्‌झची घूं त्या पिळावाचून जात नाही. राळेचा वास दोन मजले वरपर्यंत गेला.

चालू करायच्या आधी नानांनी सिरीज बोर्ड काढला. नव्या यंत्राला थेट वीज न देता मध्ये साठ वॅटचा दिवा घालतात. आत कुठं शॉर्ट असेल तर दिवा लखलखून पेटतो आणि यंत्र वाचतं. पण त्याला तारेचा दिवा लागतो, एलईडी चालत नाही, आणि सोसायटीत एलईडीखेरीज दिवा उरलेला नव्हता. तो अखेर तळमजल्यावरच्या आजींच्या देवघरात सापडला. बटण दाबलं. दिवा भपकन पेटला, क्षणात मंदावला. व्हॉल्व्हच्या काचेत तारा हळूहळू लाल झाल्या. नानांनी मीटरची एक काडी चेसिसला चिमट्यानं लावली, दुसरी उजव्या हातात धरली आणि डावा हात पाठच्या खिशात घातला. आत साडेतीनशे व्होल्ट असताना दोन्ही हात आत घालायचे नाहीत, वीज छातीतून जाते, हे जुने रेडिओवाले शिकवून गेलेत. सगळे आकडे ठीक आले तेव्हा पहाटेचं दूध येऊन गेलं होतं.

पुतणीनं कॉर्ड लावली आणि 'ई'चा स्वरगुच्छ छेडला. आवाज गोल, स्वच्छ, जवळून कुणी बोलावं तसा आला. मग तिनं बटण पुढे सरकवलं आणि तोच आवाज कडेकडेनं फाटत, भरत गेला. वहिनी स्वयंपाकघरातून बाहेर आल्या. गॅदरिंगमध्ये त्या पाच वॅटच्या पेटीपुढे माइक ठेवला आणि सभागृहभर तो आवाज पोचला. पुतणीला तीनदा परत बोलावलं. मुलं नानांना विचारायला लागली, कुठून मागवला?

दुसऱ्या दिवशी मी अभिनंदन करायला गेलो तर ॲम्प्लिफायर टेबलावर उताणा, पाठ उघडी.

"काय बिघडलं?"

"काही नाही," नाना चिडून म्हणाले. "उत्तम वाजतोय. तेच तर! कशामुळे वाजतोय ते कळायला नको?"

त्यांनी रीतसर एकेक भाग बदलून पाहायला घेतलं. बटण बंद करून, फिल्टर कपॅसिटरमधली साठलेली वीज उतरवून, मगच हात आत. टू-टू-थ्री काढून नारिंगी घातले. फरक पडला नाही. नानांच्या मते थोडी 'हवा' कमी झाली. पिवळे घातले, हवा परत आली. व्हॉल्व्ह बदलले, पेन्सिलनं टिचकी मारली, रेझिस्टर बदलले. आवाज जिथल्या तिथे. संशय फिरत फिरत शेवटी आउटपुट ट्रान्सफॉर्मरवर आला, आणि इथं नानांना हसायची सोय नाही. ती फट किती जाड, यावर गुंडाळीचं इंडक्टन्स ठरतं आणि इंडक्टन्सवर खर्जाचे स्वर. फट वाढली की खर्ज पातळ. म्हणजे पत्रिकेच्या कागदाच्या जाडीला खरोखरच अर्थ आहे.

नाना तडक बोळात गेले. मीही बरोबर होतो. मिस्त्री एका इन्व्हर्टरच्या पोटात होते.

"मिस्त्री, ती पत्रिका कुणाची होती?"

मिस्त्रींनी बराच वेळ आठवलं. "ती होय? मागच्या वाड्यातल्यांची. थोरल्या मुलाचं लग्न."

"आणखी एखादी मिळेल का? मला दुसरा बांधायचाय."

"थोरल्याची कशी मिळणार साहेब, त्याला वर्ष झालं. पण धाकट्याचं यंदा आहे. पत्रिका आली की तुमच्यासाठी ठेवतो."

नानांनी खिशातून वही काढली, पेनचं टोपण उघडलं.

"दोन ठेवा. आणि छापखाना तोच आहे ना, तेवढं विचारून ठेवा."